मणिबेलीचे पाणी आणि त्याचा नकाशा

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, सातपुड्याच्या रांगा जेथे नर्मदेच्या खोऱ्यात उतरतात, तेथे मणिबेली हे गाव आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात त्याचा समावेश होतो. अमरकंटक येथे उगम पावून खंबायतच्या आखातास मिळणाऱ्या नर्मदेची एकूण लांबी १,३१२ किलोमीटर आहे. त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला केवळ सीमेवरचा ७४ किलोमीटरांचा काठ येतो. त्यातील ३५ किलोमीटर नदी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवरून, तर ३९ किलोमीटर महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरून वाहते. या काठावरील मणिबेली हे सरदार सरोवर धरणाला सर्वांत जवळचे महाराष्ट्रातील गाव होय. धरणाचे पाणी राज्यात प्रथम शिरले तेही याच गावात.

१९९३ च्या पावसाळ्यापासून या काठाचे रूप पालटत गेले. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला. अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावांची जमीन बुडिताखाली आली. मणिबेली परिसरातील शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले आणि देवाची नवी स्थापना गुजरातेतील गोरा येथे झाली. काही कुटुंबे गुजरातेतील व तळोदा तालुक्यातील पुनर्वसन वसाहतींत गेली, तर काही मूळ गावाच्या वरच्या उतारावर राहिली. या विस्थापनाचा प्रश्न जगभर चर्चिला गेला. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना अर्थसाहाय्य देऊ नये, अशी मागणी करणारे १९९४ चे आंतरराष्ट्रीय निवेदन ‘मणिबेली जाहीरनामा’ या नावानेच ओळखले जाते.

जे काठावर राहिले त्यांच्यासाठी पूर्वीची पायवाट पाण्याखाली गेली आणि पाणी हीच वाट झाली. बाजार, दवाखाना, शिधावाटप, शाळा, नातलगांची गावे या सर्वांसाठी होडी लागते. मासेमारी हा पूर्वी शेतीला पूरक असलेला उद्योग आता अनेक घरांचा मुख्य आधार झाला आहे. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात नर्मदाकाठच्या एका अंगणवाडी सेविकेने मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवीत ती दूरच्या पाड्यांवरील बालकांना व गरोदर स्त्रियांना पोषण आहार पोहोचवीत असे. त्यापूर्वी जानेवारी २०१९ मध्ये, मकरसंक्रांतीच्या सणाला, धडगाव तालुक्यातील भुषा येथे माणसांनी भरलेली नाव उलटून काहींना प्राण गमवावे लागले होते. या पाण्यावर होडीने जाणे ही येथील नित्याची गरज आहे आणि त्यातील धोकाही नित्याचा आहे.

अशा पाण्याचा नकाशा असावा काय, असला तर तो कसा असावा आणि तो कोणी तयार करावा, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे. नदीत वा खाडीत होडी वल्हविण्यासाठी व मासेमारीसाठी नकाशे तयार करण्याची प्रथा अनेक देशांत रूढ आहे. तेथे तो बहुधा हौशी प्रवाशांच्या सोयीचा विषय असतो. मणिबेलीच्या काठावर मात्र त्याचा संबंध थेट उपजीविकेशी व सुरक्षिततेशी येतो.

नकाशावरील निळी रेघ

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. या विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे शासनाच्या अनेक कार्यालयांत वापरले जातात. त्यांत नकाशावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. जुन्या क्रमांकनपद्धतीप्रमाणे मणिबेलीचा परिसर ४६ जी/१३ या पत्रकात येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी स्वतंत्र खुली मालिका काढण्यात आली. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांमुळे भारतीय नागरिकांना व संस्थांना पूर्वपरवानगी न घेता नकाशे तयार करण्याची मोकळीक मिळाली. संवेदनशील स्थळांविषयीचे निर्बंध तेवढे कायम आहेत. गावाने आपल्या पाण्याचा नकाशा स्वतः तयार करण्यातील एक मोठी अडचण अशा रीतीने दूर झाली आहे.

तथापि स्थलदर्शक नकाशा हा मुख्यतः जमिनीचा नकाशा असतो. त्यावर पाणी निळ्या रंगाने दाखविले जाते, परंतु त्या निळ्या रंगाखाली काय आहे हे तो सांगत नाही. पाण्याची कड कोठे आहे हे तो सांगतो, परंतु ते सर्वेक्षणाच्या वेळेपुरतेच खरे असते. मणिबेली येथे ही उणीव विशेष जाणवते. सरदार सरोवराची पूर्ण जलाशय पातळी १३८.६८ मीटर, तर किमान वापर पातळी ११०.६४ मीटर आहे. या दोहोंत सुमारे २८ मीटरांचे अंतर आहे. म्हणजे नऊ मजली इमारतीच्या उंचीइतके पाणी येथे चढू व उतरू शकते.

या चढउतारामुळे काठ किती सरकतो, हे उताराच्या तीव्रतेवर अवलंबून असते. जेथे दहा मीटर चालल्यावर जमीन एक मीटर उतरते, तेथे पाण्याची कड २८० मीटर मागेपुढे होईल. जेथे उतार मंद आहे, म्हणजे तीस मीटरांस एक मीटर इतका आहे, तेथे ती ८४० मीटर सरकेल. ऑक्टोबरमध्ये जेथून होडी सुटते ती जागा मे महिन्यात पाण्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर दूर असू शकते आणि मध्ये रुतविणारा गाळ असतो.

डोंगराळ भागातील १:५०,००० नकाशांवर समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. १००, १२०, १४० असा त्यांचा क्रम असतो. आता जलाशयाच्या दोन पातळ्यांमधील पट्टा पाहिला, तर त्यात केवळ १२० मीटरांची एकच रेषा येते. जो पट्टा कधी पाणी, कधी चिखल, तर कधी पेरणीयोग्य जमीन असतो आणि जेथे होड्या लागतात व जाळी टाकली जातात, त्या पट्ट्याचे वर्णन नकाशा एका रेषेत आटोपतो. तरीही ही रेषा उपयोगी आहे. १४० मीटरांची रेषा ही भरलेल्या जलाशयाच्या कडेशी जवळजवळ जुळते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ही रेषा निळ्या पेन्सिलीने व १२० मीटरांची रेषा तांबड्या पेन्सिलीने गिरवून घेतली, तरी गावाच्या पाण्याचे पहिले स्थूल चित्र एका तासात तयार होते.

पाण्याची तीन वेळापत्रके

पाण्याच्या नकाशाला वेळेची जोड द्यावी लागते, हे महाराष्ट्रातील इतर जलप्रवाहांच्या उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होईल.

कोकणातील खाड्यांचे वेळापत्रक चंद्र ठरवितो. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक सुमारे पाच मीटरांपर्यंत जातो. त्यामुळे सागरी नकाशांवर दिलेली खोली ही नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. नाविक त्या आकड्यात त्या वेळची भरती मिळवितो आणि आपल्या नावेखाली किती पाणी आहे हे काढतो.

रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीचे वेळापत्रक निराळे आहे. मुळशी धरणातील पाणी भिरा येथील वीजगृहात जनित्रे फिरवून कुंडलिकेत पडते. १९२७ पासून हे वीजगृह कार्यरत आहे. कोलाड येथे रबरी तराफ्यांतून जो जलप्रवास चालतो तो या सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. पाणी सुटल्यानंतर काही तास नदी खळाळते, नंतर तीच नदी उथळ होते. प्रवाहाच्या अवघडपणाची जी एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, तीही पाणी किती सोडले आहे त्याप्रमाणे बदलू शकते. कुंडलिकेच्या नकाशावर खडक व वळणे यांच्याइतकेच पाणी सुटण्याच्या वेळेला महत्त्व आहे.

मणिबेलीच्या पाण्याचे वेळापत्रक वर्षाचे आहे. पावसाळ्यात पाणी चढते, पावसाळा संपता संपता ते सर्वांत उंच पातळीला पोहोचते आणि पुढे सिंचन व वीजनिर्मिती यांसाठी पाणी वापरले जाते तसतसे जूनपर्यंत उतरत राहते. वर्षातून एकदा येणारी ही भरती-ओहोटी आहे, असे म्हणता येईल. मात्र ती चंद्रासारखी नियमित नाही. पाऊस किती झाला, वरच्या इंदिरा सागर व ओंकारेश्वर या प्रकल्पांतून किती पाणी सोडले आणि खाली किती वापरले, यांवर ती ठरते. पावसाळ्यात तर एका रात्रीतही पाणी लक्षणीय चढू शकते. म्हणून येथील नकाशाला तिथीपेक्षा पातळीचा आधार घ्यावा लागतो. जलाशयाची पातळी धरण-व्यवस्थापनाकडून नियमितपणे नोंदविली जाते आणि केंद्रीय जल आयोगाच्या साप्ताहिक जलसाठा पत्रकातही ती मिळते.

खोली मोजण्याची रीत

पाण्याची खोली मोजण्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे असतात. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांतील गाळाचे सर्वेक्षण करते, त्यासाठी उपग्रहीय प्रतिमांचाही उपयोग होतो. परंतु गावाच्या वापराच्या नकाशासाठी साध्या साधनांनीही बरेच काम भागते. लांब दोरीला दगड बांधावा, दर मीटरला गाठ मारावी आणि पाच-पाच मीटरांवर रंगीत चिंधी लावावी. होडी स्थिर ठेवून दोरी सोडली की तळाची खोली कळते. कोकणातील खलाशी खोली ‘वावे’त मोजतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

खरी दक्षता घ्यावी लागते ती नोंदीत. नुसती खोली लिहून ठेवली, तर ती महिनाभरात निरुपयोगी होते. त्या दिवशीच्या जलाशय पातळीतून खोली वजा करून तळाची उंची लिहावी. उदाहरणार्थ, एखाद्या नाल्याच्या मुखाशी खोली ६.२० मीटर भरली आणि त्या दिवशी पातळी १२८.४० मीटर होती, तर तेथील तळ १२२.२० मीटर उंचीवर आहे. पुढे पातळी १२४ मीटरांवर आली, की त्याच ठिकाणी १.८० मीटर पाणी उरेल. लहान होडीस ते पुरेल, भरलेल्या यांत्रिक नावेने मात्र जपून जावे. पातळी १२१ मीटरांवर आली, की ती जागा पाण्याबाहेर १.२० मीटर उघडी पडेल. एकदा काढलेला तळाचा आकडा अशा रीतीने सर्व ऋतूंत कामी येतो. गाळ साचतो तेवढा फरक मात्र दरवर्षी तपासून घ्यावा लागतो.

खोलीची जागा निश्चित करण्यासाठी भ्रमणध्वनीतील उपग्रह-स्थाननिर्देशक पुरेसा आहे. संदेशवहनाचे जाळे नसले तरी तो चालतो. उघड्या आकाशाखाली त्याची चूक साधारणतः काही मीटरांची असते, अरुंद दरीत ती वाढते. म्हणून जोडीला दोन्ही काठांवरील ठळक खुणा, जसे एखादा सुळका, एकाकी झाड वा डोंगराची खिंड, यांची नोंद ठेवावी.

पाण्याची कड दाखविण्यासाठी उपग्रहीय प्रतिमा उपयोगी पडतात. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहजोडीच्या प्रतिमा सुमारे पाच दिवसांच्या अंतराने विनामूल्य उपलब्ध होतात आणि त्यांत दहा मीटरांपर्यंतचा तपशील दिसतो. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांतील निरभ्र दिवसांच्या चार प्रतिमा घ्याव्यात, त्या त्या दिवसाची पातळी त्यांवर लिहावी आणि चारही कडा एकाच कागदावर उतरवाव्यात. समोच्च रेषांचा नकाशा जे सांगू शकत नाही ते या चार कडा सांगतात. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे अशा कामाचे तांत्रिक ज्ञान आहे. जिल्हा प्रशासनाने त्याचे साहाय्य घेतल्यास सर्व ३३ गावांसाठी एकसारखी मूळ प्रत तयार होऊ शकेल.

काय दाखवावे

अशा नकाशावर पुढील गोष्टी असणे आवश्यक आहे. पहिली, होडी लावण्याच्या जागा. प्रत्येक पाड्याची पूर्ण पातळीची, मध्यम पातळीची व उतरत्या पाण्याची जागा वेगळी असते. आजाऱ्याला वा बाळंतिणीला नेणाऱ्या नावेने कोठे यावे, हे त्यावरून ठरते. दुसरी, पाण्याखालील अडथळे. बुडालेल्या झाडांचे बुंधे व टेकड्यांचे माथे विशिष्ट पातळीला पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात. उघडे पडलेले खोड दिसते, परंतु हातभर पाण्याखालचे खोड होडी फोडते. तिसरी, गाळाचे पट्टे. पाणी ओसरल्यावर वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो. त्यात माणूस व जनावर दोन्ही रुततात.

चौथी गोष्ट वाऱ्याची. नर्मदेचे खोरे पूर्व-पश्चिम पसरले असल्याने उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा खोऱ्यातून वर चढतो आणि मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात. ज्या ठिकाणी पात्र रुंद आहे ते ठिकाण सकाळी ओलांडावे, असा संकेत नकाशावर असावा. सोबत वारा उठल्यास आश्रय घेता येईल असे नाले दाखवावेत. पाचवी, मगरींचा वावर असलेले काठ, जेथे मुलांनी व पाणी भरणाऱ्या स्त्रियांनी विशेष जपावे. सहावी, हद्दी. समोरचा काठ येथे गुजरातचा, वर गेल्यावर मध्य प्रदेशाचा आहे. मासेमारीचे परवाने व नियम राज्यागणिक बदलतात. मणिबेलीच्या पश्चिमेस गुजरातेतील शूलपाणेश्वर अभयारण्याचे क्षेत्र आहे. धरणाच्या भिंतीलगतचे पाणी सुरक्षिततेच्या दृष्टीने वर्ज्य समजावे आणि धरणाच्या बांधकामाचा तपशील गावाच्या नकाशावर दाखवू नये.

मासे व नाले

मासेमारीच्या दृष्टीने जलाशयातील सर्व पाणी सारखे नसते. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे कोणते जाळे किती खोल सोडावे हे जातीनुसार ठरते. पावसाळ्यात नाल्यांच्या मुखांशी डोंगरातील ताजे पाणी व त्यासोबत पालापाचोळा व माती येते, तेथे माशांची गर्दी होते. बुडालेल्या झाडांच्या आसपास मासे आश्रय घेतात, परंतु तेथेच जाळे अडकून फाटते. तळाचा नकाशा असल्यास जाळ्याचे नुकसान टळते. पिंजऱ्यांतील मत्स्यपालन करावयाचे असल्यास पाणी नीचतम पातळीला गेल्यावरही पिंजऱ्याखाली मोकळे पाणी राहील अशी जागा निवडावी लागते. ती जागा वर्षभराच्या तळ-नोंदीवाचून निश्चित करता येत नाही.

नर्मदेचा नामांकित मासा म्हणजे महसीर. त्याला वाहते, स्वच्छ व प्राणवायुयुक्त पाणी लागते आणि तो खडी-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. नदीचा जलाशय झाल्यावर असे तळ बुडतात. अशा वेळी सातपुड्यातून येणाऱ्या उदईसारख्या उपनद्यांचे व नाल्यांचे वाहते भाग महत्त्वाचे ठरतात. हे भाग नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवून पावसाळ्यात तेथे मासेमारी न करण्याचा निर्णय ग्रामसभेने घेतल्यास पुढील वर्षांच्या उत्पन्नाची ती तरतूद ठरेल. पाण्यात सुरुंग उडवून वा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनच बंदी आहे, याचेही स्मरण नकाशाच्या समासात दिलेले बरे.

पाण्याखालील जमिनीचे जाणकार

यंत्र तळाची उंची सांगते. तेथे शेत होते की खडकाळ माळ, विहीर होती की घाट, हे ते सांगत नाही. ही माहिती ज्यांनी ती जमीन कसली, त्या रानात गुरे चारली आणि त्या डोहांत मासे धरले, त्यांच्यापाशी आहे. जाळे कोठे अडकेल, गाळ कोठे साचेल, कोणत्या नाल्याचे पाणी मेपर्यंत टिकते, या प्रश्नांची उत्तरे त्यांना मोजमापाशिवाय देता येतात.

ही माहिती मिळविण्यास आता फार वेळ उरलेला नाही. १९९३ मध्ये जो तरुण पंचवीस वर्षांचा होता तो आज साठीच्या घरात आहे. त्या वेळी जे कर्ते पुरुष व स्त्रिया होत्या, त्यांपैकी अनेकजण वृद्ध झाले आहेत. काठावर आज होड्या चालविणाऱ्या पिढीने जलाशयच पाहिला आहे, नदी पाहिलेली नाही. शिवाय जाणकारांपैकी बरेचजण पुनर्वसन वसाहतींत राहतात. म्हणून नकाशाचा कच्चा कागद घेऊन काठावरील गावाबरोबरच त्या गावच्या वसाहतीतही जावे लागेल. एकाच गावाची माहिती अशा दोन ठिकाणी विभागली गेली आहे.

या कामी शिक्षकांचा वाटा मोठा आहे. काठावरील जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा व जीवनशाळा यांतील मुले आपल्या आजोबा-आजीकडून एकेका नाल्याचे, टेकडीचे व डोहाचे नाव लिहून आणू शकतात. नावे भिली, पावरी अशा ज्या बोलीत सांगितली जातील त्याच उच्चाराने देवनागरीत लिहावीत. त्यांचे शुद्ध मराठी रूप करण्याचा मोह टाळावा. संकटाच्या वेळी माणूस सवयीचे नावच उच्चारतो, आणि मदतीस निघालेल्या नावेला तेच नाव नकाशावर सापडले पाहिजे.

ग्रामसभा व कायदा

अक्कलकुवा व अक्राणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियमाने, म्हणजेच ‘पेसा’ कायद्याने, अशा क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे. सरदार सरोवर हा लहान जलाशय नव्हे, परंतु गावातील नाले, डोह व तळी यांच्या नियोजनास या तरतुदीचा आधार घेता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे व जलाशयांतील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. असा हक्क मागताना वा सांभाळताना ग्रामसभेपाशी स्वतःचा नकाशा असणे हा बळकट आधार ठरतो.

नौकानयनासंबंधी दोन अधिनियम लक्षात घ्यावेत. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमानुसार महाराष्ट्र व गुजरात यांमधील नर्मदेस राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ असे स्थान देण्यात आले आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्रावर न चालणाऱ्या होड्यांसाठी वेगळे प्रकरण असून त्यांची नोंद जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायत पातळीवर करण्याची कल्पना त्यात मांडली आहे. कोणत्या पाड्यात किती होड्या आहेत, त्यांत किती माणसे सुरक्षितपणे बसू शकतात आणि किती जीवरक्षक जॅकेटे उपलब्ध आहेत, याची यादी नकाशाच्या मागील बाजूस छापल्यास आपत्तीच्या वेळी तहसील कार्यालयास ती तत्काळ उपयोगी पडेल.

पर्यटनाचा विचारही येथे अपरिहार्य आहे. सातपुड्याच्या कड्यांमधून जाणारे हे पाणी वल्हवीत फिरणाऱ्यांना व गळ टाकून बसणाऱ्यांना उद्या आकर्षित करील. असे प्रवासी आले तर वाटाड्या गावचा असावा, होडी गावची असावी आणि मच्छीमार संस्थांच्या जाळ्यांच्या जागा प्रवाशांनी सोडून द्याव्यात. म्हणून नकाशाच्या दोन प्रती असाव्यात. माशांच्या जागा दाखविणारी प्रत संस्थेपाशी राहावी. उतरण्याच्या जागा, धोके व हद्दी दाखविणारी प्रत सर्वांसाठी खुली असावी.

प्रारंभ कोठून करावा

हे काम एका वर्षाच्या चक्रात बसणारे आहे. पावसाळा संपताच, पाणी उंच असताना ग्रामसभेत कच्चा नकाशा मांडून नावे लिहून घ्यावीत. डिसेंबर ते फेब्रुवारीत, वारा शांत असताना, नाल्यांची मुखे व नेहमीचे जलमार्ग यांवर दोरीने खोली मोजावी. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरले, की उघडे पडलेले बुंधे, टेकड्या व गाळाचे पट्टे प्रत्यक्ष पायी फिरून पाहावेत व नोंदवावेत. जूनपूर्वी नकाशा रंगवून शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायत कार्यालयात, आरोग्य उपकेंद्रात व नाविकांपाशी द्यावा. पुढील वर्षी त्यात केवळ दुरुस्त्या कराव्या लागतील.

त्याआधी एक छोटे काम मात्र लगेच करता येण्यासारखे आहे. गावाच्या मुख्य उताऱ्याजवळ जो भक्कम खडक पाण्यात उतरतो, त्यावर तेलरंगाने पातळीच्या खुणा रंगवाव्यात. धरणाची त्या दिवसाची पातळी विचारून घ्यावी, पाण्याच्या कडेला तो आकडा लिहावा आणि पाणी उतरेल तसतशी खाली एकेका मीटरची खूण करीत जावे. सकाळी होडी सोडणाऱ्या माणसाला खडकावर १२४ हा आकडा दिसला, की कोणत्या नाल्याच्या मुखाशी आज किती पाणी आहे, हे त्याला नकाशावरून समजेल. ज्याला वाचता येत नाही त्याला रंगावरून समजेल. रंगाचा एक डबा, एक दोरी आणि गावातील वृद्धांचा एक दिवस, एवढ्यावर या नकाशाची सुरुवात करता येईल.